मेणबत्तीमागे मधमाशी, दिव्यामागे कोण?



पवित्र शनिवारच्या रात्री आपल्या चर्चमधले सगळे दिवे मालवले जातात. बाहेर अंगणात नवा अग्नी पेटतो, त्यावर पास्काची मेणबत्ती पेटवली जाते आणि ती घेऊन धर्मगुरू अंधाऱ्या चर्चमध्ये प्रवेश करतात. एकाची ज्योत दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, असे करत सारे चर्च उजळते. त्यानंतर पास्काच्या आनंदाची घोषणा करणारे गीत गायले जाते. हे गीत दरवर्षी ऐकूनही त्यातल्या एका गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. ख्रिस्तसभा त्या मेणबत्तीचे दान देवाला अर्पण करते तेव्हा तिच्यासाठी मेण तयार करणाऱ्या मधमाश्यांचीही आठवण काढते.

एवढ्या मोठ्या रात्री, एवढ्या मोठ्या रहस्यासमोर, मधमाशीसारख्या छोट्या जीवाची आठवण! आपल्या हातात आलेला प्रकाश कोणाच्या तरी कष्टातून आला आहे, हे ख्रिस्तसभा विसरत नाही.

थोड्या वेळाने चर्चमधले विजेचे दिवे लागतात, पंखे फिरू लागतात. त्या दिव्यांमागे कोणाचे कष्ट आहेत, हे मात्र आपण कधी विचारत नाही. बटण दाबले की दिवा लागतो, महिन्याकाठी बिल येते, ते भरले की आपला हिशेब पुरा झाला असे आपल्याला वाटते. आपल्या सभागृहाच्या छपरावर सौर पट्ट्या बसवाव्यात का, असा प्रश्न पॅरिश कौन्सिलच्या सभेत निघाला आहे. त्यावर मत देण्याआधी आपली वीज येते कुठून, हे आपण सर्वांनी नीट समजून घ्यावे म्हणून आम्ही हा पाठ तयार केला आहे. लहान समूहांच्या बैठकीत तो वाचावा आणि शेवटच्या प्रश्नांवर चर्चा करावी, ही विनंती.

वीज तयार कशी होते?

सायकलचा डायनॅमो ज्यांना आठवतो त्यांना हे समजायला अवघड नाही. चाक फिरले की डायनॅमो फिरायचा आणि पुढचा दिवा लागायचा. मोठ्या वीज केंद्रातही तेच घडते. एक अजस्र चाक, ज्याला टर्बाइन म्हणतात, ते फिरवायचे आणि त्याला जोडलेल्या जनित्रातून वीज काढायची. फरक एवढाच की चाक कशाने फिरवायचे.

कोळशाच्या केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि वाफेच्या दाबाने टर्बाइन फिरते. अणुकेंद्रातही वाफच असते, पण उष्णता युरेनियमच्या अणूंच्या विभाजनातून मिळते. वायूच्या केंद्रात जळणारा वायू टर्बाइन फिरवतो. जलविद्युत केंद्रात उंचावरून पडणारे पाणी आणि पवनचक्कीत वारा हे काम करतो. सौर पट्टीत मात्र काहीच फिरत नाही. तिच्यावर ऊन पडले की थेट वीज तयार होते.

केंद्राची ताकद मेगावॉटमध्ये मोजतात. एक मेगावॉट म्हणजे १००० किलोवॉट. एक किलोवॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते, आणि आपल्या बिलावर असतात ती हीच युनिटे. म्हणजे ५०० मेगावॉटचे केंद्र पूर्ण क्षमतेने एक तास चालले तर पाच लाख युनिटे तयार होतात.

आपला किनारा: डहाणूपासून जैतापूरपर्यंत

आपल्या कोकण किनाऱ्याकडे या नजरेने पाहिले तर आश्चर्य वाटेल. उत्तरेला, आपल्याच धर्मप्रांताच्या हद्दीत, डहाणूच्या खाडीकाठी कोळशावर चालणारे ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. ते १९९५ साली सुरू झाले, आणि ते उभारले मुंबईच्या उपनगरांसाठी. त्याच्या दक्षिणेला तारापूर. भारतातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली तेथे सुरू झाले. तेथल्या पहिल्या दोन जुन्या भट्ट्या प्रत्येकी १६० मेगावॉटच्या. त्या २०२० साली दीर्घ दुरुस्तीसाठी थांबवाव्या लागल्या. पुढे २००५ आणि २००६ साली प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन नव्या भट्ट्या सुरू झाल्या.

मुंबईत चेंबूरजवळ ट्रॉम्बेचे केंद्र १९५६ पासून वीज देत आहे. खाडीपलीकडे उरणला वायूवर चालणारे ६७२ मेगावॉटचे केंद्र आहे. रायगड जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही टाटांची जुनी जलविद्युत केंद्रे आहेत. ती अनुक्रमे १९१५, १९२२ आणि १९२७ सालची. मुंबईच्या गिरण्या आणि ट्राम ज्या विजेवर धावल्या ती वीज घाटावरच्या पावसाने दिली होती.

रत्नागिरी जिल्ह्यात शिरलो की चिपळूणजवळ पोफळी येते. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून इकडे उतरवले आहे. १९६२ साली सुरू झालेला हा प्रकल्प टप्प्याटप्प्याने वाढत १९६० मेगावॉटपर्यंत पोहोचला. गुहागर तालुक्यात अंजनवेलला वायूवरचे केंद्र आहे. एन्रॉनच्या नावाने गाजले ते हेच. १९९९ साली त्याचा पहिला टप्पा सुरू झाला, वीज परवडेना म्हणून २००१ साली बंद पडला, त्याच वर्षी अमेरिकेतील मूळ कंपनीचे दिवाळे निघाले, आणि २००५ साली सरकारी कंपन्यांनी नवी कंपनी काढून केंद्र हाती घेतले. जयगडला आयात कोळशावरचे १२०० मेगावॉटचे केंद्र आहे. राजापूर तालुक्यात जैतापूरजवळ माडबनला सहा अणुभट्ट्या उभारण्यासाठी २०१० साली फ्रान्सशी करार झाला. स्थानिक लोकांचा विरोध झाला, २०११ साली आंदोलनावर गोळीबार होऊन एकाचा जीवही गेला. आजवर तेथे एकही भट्टी उभी राहिलेली नाही.

ही केंद्रे किनाऱ्यावरच का? वाफ पुन्हा थंड करायला अमाप पाणी लागते, ते समुद्र किंवा खाडी देते. परदेशचा कोळसा आणि वायू जहाजाने उतरवता येतो. आणि विजेचे मोठे गिऱ्हाईक, म्हणजे मुंबई, जवळ आहे.

यातल्या नेमक्या कोणत्या केंद्राची वीज आपल्या घरात येते, असे कोणी विचारेल. ते सांगता येत नाही. आपल्या बावखलात चारी बाजूंनी पाणी येऊन मिळते. कळशीत आलेले पाणी कोणत्या ओहोळाचे, हे कोण सांगणार? तसेच विजेचे जाळे आहे. त्यात किनाऱ्यावरची वीज येते, तशी विदर्भातल्या चंद्रपूर-कोराडीच्या कोळशाची वीजही येते. राज्याच्या विजेतला मोठा वाटा आजही कोळशाचाच आहे. म्हणूनच कोणत्याही एका केंद्राकडे बोट दाखवून ‘त्याच्याशी आमचा संबंध नाही’ असे आपल्याला म्हणता येत नाही.

किंमत कोणी मोजली?

वीज वाईट आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. इस्पितळातील शस्त्रक्रिया, लसींचा साठा, मुलांचा अभ्यास, लोकलची धाव हे सारे विजेवर चालते. भारनियमनाची वर्षे आपल्या आठवणीत आहेत. परीक्षेच्या दिवसांत कंदील लावून बसलेली मुले आणि बंद पंख्याखाली तळमळणारे म्हातारे आजारी आपण पाहिले आहेत. या केंद्रांत रात्रपाळी करणारे कामगार, पावसात खांबावर चढणारे वायरमन यांचे उपकार मोठे आहेत. मेणबत्तीमागच्या मधमाश्यांसारखे तेच आहेत.

पण मधमाशीचा मध काढताना पोळेही मोडले जाते. भिऱ्याच्या केंद्रासाठी मुळशीला धरण बांधायचे ठरले तेव्हा मावळातले शेतकरी आपल्या जमिनींसाठी उभे राहिले. १९२१ साली सुरू झालेल्या या मुळशी सत्याग्रहाचे नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांनी केले. लोक त्यांना सेनापती बापट म्हणू लागले. सत्याग्रह मोडला, धरण झाले, गावे पाण्याखाली गेली.

कोयनेचे धरण झाले तेव्हाही खोऱ्यातील गावे उठली आणि ती माणसे ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत पांगली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, त्यात दीडशेहून अधिक माणसे दगावली. जलाशयाच्या भाराचा आणि तेथील भूकंपांचा संबंध शास्त्रज्ञ आजही अभ्यासत आहेत. आणखी एक गोष्ट. कृष्णा पाणी लवादाने कोयनेचे वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेला वळवण्याची मुभा दिली. ते पाणी वीज देऊन वाशिष्ठी नदीवाटे अरबी समुद्राला मिळते. सह्याद्रीच्या पूर्वेला मात्र दुष्काळी तालुके त्याच पाण्याकडे डोळे लावून असतात.

तारापूरच्या दोन नव्या भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांना आपली जागा सोडावी लागली. पुनर्वसनाचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्यांची होडी दारासमोर लागत होती त्यांना किनाऱ्यापासून दूर राहणे म्हणजे काय, हे आपल्या कोळी बांधवांना वेगळे सांगायला नको.

डहाणूची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे आणि ती आपण जरूर लक्षात ठेवावी. डहाणू तालुका चिकूच्या वाड्यांचा आणि वारली बांधवांचा. १९९१ साली केंद्र सरकारने तो पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. तरी औष्णिक केंद्र झालेच. पण स्थानिक नागरिक गप्प बसले नाहीत. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तालुक्यासाठी स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमायला लावले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले आणि २०१९ साली निधन होईपर्यंत त्यांनी हे काम पाहिले. धुराड्यातून बाहेर पडणारा गंधकाचा विषारी वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवलीच पाहिजे, असा या प्राधिकरणाचा आग्रह होता. कंपनीकडून ३०० कोटी रुपयांची हमी मागण्यापर्यंत गोष्ट गेली, आणि अखेर २००७ साली ती यंत्रणा सुरू झाली. आठ वर्षांचा पाठपुरावा! केंद्र बंद झाले नाही, पण ते शेजाऱ्याच्या श्वासाचा विचार करू लागले. सामान्य माणसांनी कायद्याचा हात धरून चिकाटी दाखवली तर काय घडते, याचे हे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे.

‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपण नेहमी वापरतो. आपल्या घरातल्या उजेडाखाली कोणाचा अंधार आहे, हे शोधणे हा ख्रिस्ती माणसाच्या शेजारधर्माचा भाग आहे.

आपल्या वाडीतला धडा

दुसऱ्यांचे सांगताना आपलेही सांगितले पाहिजे. आपल्या आजोबांच्या काळात वाडीच्या शिंपणाला रहाट होता. बैल फिरे, पोहरे भरून वर येत, पाणी पाटाने केळीला आणि पानवेलीला जाई. बैल दमला की रहाट थांबे. विहिरीलाही मग श्वास घ्यायला वेळ मिळे. पुढे विजेचा पंप आला. कष्ट वाचले, उत्पन्न वाढले, मुले शिकली. हा विजेचा आशीर्वादच होता. पण पंप दमत नाही. रात्रंदिवस उपसा होऊ लागला, पाणी टँकरने विकले गेले, आणि किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरींचे गोडे पाणी मचूळ झाले. दोष विजेचा नव्हता. ‘पुरे’ म्हणणारा बैल गेला आणि ‘पुरे’ म्हणायला आपण शिकलो नाही.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

उत्पत्तीच्या पुस्तकात देव माणसाला बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. मशागत म्हणजे उपयोग करणे, राखण म्हणजे जपणे. दोन्ही आज्ञा एकत्र आहेत. एक पाळून दुसरी सोडता येत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक दिले. पृथ्वीचे दुःख आणि गरिबांचे दुःख वेगवेगळे ऐकता येत नाही, हा त्याचा गाभा आहे. कोळसा, तेल यांसारख्या इंधनांची जागा दुसऱ्या साधनांनी क्रमाक्रमाने आणि विनाविलंब घ्यावी, असे ते सांगतात. पण हे परिपत्रक केवळ सरकारांसाठी नाही. गरज नसलेले दिवे मालवणे, यासारख्या घरगुती कृतींचाही त्यात उल्लेख आहे, कारण अशा लहान कृतींतून प्रेम व्यक्त होते. जगाच्या धर्मगुरूंनी आपल्या खोलीतल्या दिव्याच्या बटणाबद्दल लिहावे, याचे आम्हाला प्रथम हसू आले आणि मग थोडी लाजही वाटली.

ख्रिस्तसभेने स्वतःच्या घरापासूनही सुरुवात केली आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात, २००८ साली, व्हॅटिकनच्या पोप सहावे पॉल सभागृहाच्या छपरावर सुमारे २४०० सौर पट्ट्या बसवल्या गेल्या. २०२४ साली पोप फ्रान्सिस यांनी रोमजवळ सांता मारिया दी गालेरिया येथील जागेवर व्हॅटिकनसाठी सौर प्रकल्प उभारण्याची आज्ञा काढली. तिला नाव दिले ‘बंधू सूर्य’. असिसीचे संत फ्रान्सिस सूर्याला भाऊ म्हणत, हे आपण जाणतोच.

आपण काय करू शकतो?

प्रथम एक हिशेब. कोळशाच्या केंद्रात एक युनिट वीज करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. जुना पंखा सुमारे ७५ वॉटचा असतो. रिकाम्या खोलीत तो आठ तास फिरत राहिला तर ०.६ युनिट वीज जाते, म्हणजे जवळपास ४०० ग्रॅम कोळसा. दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट खातो, म्हणजे तासाला एक किलोच्या आसपास कोळसा. कोणी आपल्या दारात रोज एक किलो कोळसा विनाकारण पेटवून ठेवला तर आपण त्याला बोल लावू. डहाणूला किंवा चंद्रपूरला पेटलेला कोळसा आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक. हा हिशेब धर्मशिक्षण वर्गातल्या मुलांना जरूर सांगावा. मुले घरी जाऊन मोठ्यांना बरोबर पकडतात!

नवा पंखा घ्यायचा झाल्यास ३० वॉटच्या आसपास चालणारे पंखे बाजारात मिळतात. रोज बारा तास चालणाऱ्या अशा एका पंख्यामागे वर्षाला दोनशेच्या जवळपास युनिटे वाचतात.

आता छपराचा प्रश्न. एक किलोवॉटच्या सौर पट्ट्यांना साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि त्या दिवसाला सरासरी चार युनिटे देतात. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात अधिक. दिवसा जास्त झालेली वीज जाळ्यात सोडता येते आणि बिलात तिची वजावट मिळते. रात्री मात्र आपण जाळ्यावरच अवलंबून राहू, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. घरांसाठी केंद्र सरकारने २०२४ साली जाहीर केलेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये मदत ठरवण्यात आली. ही मदत घरांसाठी आहे. सभागृहाचा खर्च आपल्यालाच उभा करावा लागेल.

तेव्हा प्रश्न पैशाचा आहे, आणि पैशाचा प्रश्न हा शेवटी श्रद्धेचाही असतो. सणाच्या रोषणाईवर आपण आनंदाने वर्गणी देतो. नऊ दिवस चर्च झगमगते, ते पाहायला गावोगावचे लोक येतात. रोषणाई बंद करा असे आम्ही म्हणत नाही. देवाच्या घराचा सण आनंदाचाच असावा. पण एका वर्षी ती निम्मी केली आणि उरलेली वर्गणी छपरासाठी ठेवली, तर तो सण वर्षभर उजेड देईल. आमच्यातही यावर एकमत नाही. ज्येष्ठांना सणाची शोभा कमी होईल असे वाटते, तरुणांना एवढ्या संथपणे जाणे पसंत नाही. म्हणूनच हा विषय समूहांपुढे ठेवत आहोत. निर्णय काहीही होवो, तो माहिती घेऊन आणि प्रार्थना करून झालेला असावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील मागील तीन बिलांवर किती युनिटे आहेत? त्यातली किती आपण सहज वाचवू शकतो?

२. विजेसाठी, धरणासाठी किंवा रस्त्यासाठी ज्यांना गाव सोडावे लागले असे कोणी आपल्या ओळखीत आहे का? त्यांची कहाणी आपण कधी ऐकली आहे का?

३. आपल्या विहिरीच्या बाबतीत ‘पुरे’ कधी म्हणायचे, हे आपण कसे ठरवतो?

४. सभागृहाच्या छपराविषयी आपल्या समूहाचे मत काय? कारणांसह लिहून पॅरिश कार्यालयात द्यावे.

प्रार्थना

हे पित्या, तू प्रथम प्रकाश निर्माण केलास आणि तो चांगला आहे असे पाहिलेस. आमच्या घरात दिवा लागतो तेव्हा तो पेटता ठेवण्यासाठी राबणाऱ्यांची आणि त्यासाठी आपले घर सोडणाऱ्यांची आम्हाला आठवण दे. वारा, पाऊस आणि ऊन ही तुझी दाने आम्ही जपून वापरावीत. पुरे म्हणण्याचे शहाणपण आणि वाटून घेण्याचे मन आम्हाला दे. जगाचा प्रकाश असलेल्या तुझ्या पुत्राच्या, आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने आम्ही मागतो. आमेन.